पाडायला काढलेली बिल्डिंग

आता तिथे गाड्या लावतात. जुन्या दुबईत, बर दुबईला, कापडाच्या दुकानांच्या मागल्या अंगाला, मंदिराकडे जायच्या बोळाजवळ आमची बिल्डिंग होती. मागे शारजाला लेकीकडे गेले होते तेव्हा म्हटलं, एकदा मला तिथे ने. नात बरोबर होती. मी बोट करून दाखवलं, तर ती म्हणते, "आज्जी, व्हॉट बिल्डिंग? इट्स पार्किंग." बरोबरच होतं तिचं. वाळू आणि गाड्या. दुसरं काय दिसणार तिला.

चार मजली होती. खाली लाँड्री, बाजूला चहाची कॅफेटेरिया, मग एक टेलर. लिफ्ट एवढीशी, दार हाताने ओढायचं. जुनी माणसं सांगायची, ती बांधली तेव्हा आजूबाजूला उंच काही नव्हतं, गच्चीवरून खाडीतल्या अब्रा, त्या लाकडी होड्या, जाताना दिसायच्या. माझ्या वेळेला दुसऱ्यांच्या गच्च्याच दिसायच्या, त्यावर वाळत घातलेले कपडे.

आमचे हे तिथे वॉचमन. तिकडे नातूर म्हणतात. मला मालकाने जिने झाडायला ठेवलेली. दोघांचा व्हिसा मालकाच्या नावावर, राहायची खोली जिन्याखाली. मालकाने काढलं की काम, खोली, देश, सगळं एकदमच सुटणार. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून मी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

मग मालकाच्या मनात आलं, ही पाडायची आणि मोठी बांधायची. भाडेकरूंना सांगितलं, खाली करा. अर्धी माणसं गेली आणि ती मंदी आली. जिकडे तिकडे क्रेना नुसत्या उभ्या. मालकाचंही अडलं. तो बिल्डिंग पाडेना, नवीन माणूसही ठेवीना. घर रिकामं झालं की त्याची लाइट कापायचा. तेव्हा बरेच वॉचमन रिकाम्या घरांत खाटा टाकून चोरून भाड्याने माणसं ठेवायचे. मालकाच्या मॅनेजरने यांना बजावलेलं, तसलं काही दिसलं तर दोघांचा व्हिसा कॅन्सल, खलास.

तिसऱ्या मजल्यावर पुण्याचं कुटुंब होतं. साहेब जुमेरा लेक टॉवर्सला ऑफिसात. एक दिवस ऑफिसने सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आठवड्यात निघाली ती माणसं. मॅनेजरला म्हणाले, सामान नंतर नेतो. मॅडम किल्ली द्यायला खाली आल्या तेव्हा मी म्हटलं, बाकीचं राहू दे, देव तरी न्या. तर डोळे पुसत म्हणाल्या,

"मावशी, देव उचलले म्हणजे घर मोडलं. आम्ही येणार आहोत परत. तेवढी दिवाबत्ती करा."

नाही कसं म्हणणार? रोज दिवेलागणीला वर जायची. अंधारं घर, सोफ्यावर चादर टाकलेली. देवांना आंघोळ घालायची, निरांजन लावायचं, विझेपर्यंत तिथेच बसायचं. आमच्या खोलीत देवाला कोनाडासुद्धा नव्हता. मला बरं वाटायचं तिथे.

त्याच थंडीत गावचे दोन भाऊ आले, आमच्याच वाडीतले. तिकडे कारखान्यांच्या वस्तीत, मुसफ्फाला, वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांचा मालक पळाला, कामगारांच्या कॅम्पातलं जेवण बंद, पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात अडकलेले. यांनी चौथ्या मजल्याची किल्ली काढून दिली. दिरहॅमसुद्धा घेतला नाही. ते दोघं वर अंधारात बसून असायचे. मी भात-आमटी नेऊन द्यायची. थोरला म्हणायचा, "वहिनी, आम्ही कसे, कोंबड्यांसारखे. उजेड गेला की चिडीचूप." आम्ही हसायचो. पण जिन्यात पाय वाजला की माझा जीव खाली-वर.

एके संध्याकाळी मी वात लावून बसलेली, आणि रस्त्यावरून मॅनेजरला खिडकीत उजेड दिसला. केरळचा माणूस, वाईट नव्हता. यांना घेऊन वर आला, बाहेरूनच ओरडत, किती माणसं ठेवलीत म्हणून. मी दार उघडलं. त्याने देव बघितले, निरांजन बघितलं. बूट काढून आत आला. हात जोडले. मग हसायलाच लागला. म्हणाला, मला वाटलं तुम्ही हॉटेल उघडलं.

मला वाटलं, सुटलो. चौथ्या मजल्यावर शांत होतं.

जाता जाता तो यांना म्हणाला, "भगवान पे हाथ रखके बोल दो, बिल्डिंग में कोई नहीं है. मैं बड़े साहब को बोल देता हूँ. यल्ला, चलो."

हे हलेनात. मी पुढे झाले, म्हटलं, मैं रखती हाथ. तो म्हणाला, तुम नहीं, नातूर को बोलने दो. यांनी देवांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि खाली मान घालून म्हणाले,

"ऊपर दो आदमी हैं. मेरे गाँव के. पैसा नहीं लिया."

मॅनेजर उंबऱ्यात बसला, बूट घालायला लागला. बुटाची नाडी बांधली जाईना. हळूच म्हणाला, "क्यों बोला? मैं तो जा रहा था."

खोलीत आल्यावर मी एकदाच विचारलं, का हो असं केलंत? म्हणाले, "दुसऱ्यांचे देव गो ते."

दोघं भाऊ कॉन्सुलेटकडे गेले, पुढे कसेबसे घरी पोचले. आमचा व्हिसा कॅन्सल झाला. मालकाच्या दुसऱ्या बिल्डिंगमध्ये यांना घेणार होते, ते राहिलंच. देव मी टॉवेलात गुंडाळून हातातल्या पिशवीतून आणले. मुंबईच्या एअरपोर्टवर पुण्याचे साहेब ते घ्यायला आले. नमस्कार केला, आणि विचारलं, सोफ्याचं काय झालं.

गावी हे काजूच्या फॅक्टरीत रात्रपाळीला लागले. कोणी विचारलं की सांगायचे, बिल्डिंग पाडली, म्हणून आलो. ते दोघं भाऊही तेच सांगायचे. लोकांना पटायचं, सगळ्यांनाच ठाऊक होतं दुबईचं काय झालं ते. पण लाँड्रीवाल्याचा अधूनमधून फोन यायचा. बिल्डिंग अजून उभीच होती, खाली इस्त्री चालू होती. हे फोन घेऊन मागल्या दारी जायचे, हळू बोलायचे. चांगले वर्ष-दीड वर्ष ती उभी होती.

त्याच दिवसांत एकदा लग्नाच्या मांडवात यांच्या चुलतभावाने सगळ्यांदेखत मला विचारलं, "काय वहिनी, एवढी मोठी बिल्डिंग पाडताना बघितलीत काय?"

हे समोरच पंगतीत बसलेले. त्यांचा घास हातातच राहिला.

मी म्हटलं, "बघितली ना. नुसती धूळ हो. दोन दिवस डोळे उघडवत नव्हते."