पाठमोरी आवेरो

आवेरो गेली मंगळवारी, आणि बुधवारी सकाळीच तिचा मुलगा फोलारिन इबिदुन्नीच्या स्टुडिओच्या दारात उभा.

“मावशी, आईचा एक फोटो दे. चेहऱ्याचा. शनिवारी माती द्यायची, त्याआधी बातमीचं पोस्टर भिंतींवर लागायला हवं.”

“बस तरी आधी,” इबिदुन्नी म्हणाली, आणि मटकन स्वतःच बसली. अकरा वर्षं तिनं आवेरोचे फोटो काढले होते. मोजून अडतीस. आणि एकातही चेहरा नव्हता!

वेडेपणा म्हणा हवं तर, पण अख्ख्या अबेओकुटा शहरात तिची ओळखच ती होती. नवरा होता तोवर स्टुडिओत चेहऱ्यांचेच फोटो निघायचे. तो गेल्यावर कॅमेरा हिच्या हातात आला. पहिल्याच आठवड्यात एक पोरगी आली, मानेपासून टाळूपर्यंत दोऱ्यानं गुंडाळलेल्या बटा, वर त्यांची कमान. समोरून दिसत होतं नुसतं कपाळ. “ऊठ, उलटी बस,” इबिदुन्नी म्हणाली, आणि तेव्हापासून बायका उलट्याच बसू लागल्या. “तोंड जन्मभर पुरतं गं,” ती सांगायची, “वेण्या पंधरा दिवसांत सोडाव्या लागतात. आधी जाणाऱ्याचा फोटो आधी काढावा!” भिंतभर पाठमोऱ्या बायका. समोरचा शिंपी रोज खवचटपणे विचारी, “गिऱ्हाइकं रुसलीत का गं तुझ्यावर?”

“तुझं थोबाड दिसलं त्यांना, म्हणून वळल्या.”

आवेरो इतोकूच्या बाजारात निळीची लुगडी विकायची. लहानपणी देवी आल्या, त्यात डावा डोळा पांढरा झाला. चेहऱ्यासमोर कॅमेरा धरायची कुणाची हिंमत नव्हती. पण मान! अशी मान आणि असे दाट केस इबिदुन्नीनं दुसरे पाहिले नाहीत. दर तीन-चार महिन्यांनी एखाद्या शनिवारी नवी वेणी घालून बाई थेट स्टुडिओत, हातात चवळीचे गरमागरम वडे. “घे, खा, आणि माझ्या मागं लाग,” म्हणायची.

आता खरी गोष्ट सांगते. एकोणचाळिसावा फोटोही होता. एकदा स्टुडिओत बकरी घुसली आणि पडदाच ओढू लागली. आवेरो खदाखदा हसत वळली, आणि नेमकं तेव्हाच इबिदुन्नीचं बोट दाबलं गेलं. पांढऱ्या डोळ्यासकट अख्खा चेहरा, तोंडभर हसू. धुऊन आलेला फोटो पाहून आवेरोनं तो परत इबिदुन्नीच्या हातात कोंबला.

“फाड.”

“फाडते.”

“माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग.”

इबिदुन्नीनं त्या ताज्या वेणीवर हात ठेवून शपथ घेतली. आणि फोटो, निगेटिव्ह, दोन्ही पाकिटात घालून कपाटात दडवली. फाडवलंच नाही हो तिला!

बुधवार असा तसा गेला. पाकीट काढ, पाकीट ठेव. गुरुवारी एका गिऱ्हाइकाच्या फोटोत वेणीचा शेंडाच कापला गेला, असं कधी झालं नव्हतं. कपाटासमोर उभी राहून ती मोठ्यानं बोलली, “गेलीस ती गेलीस, मला का टांगून ठेवलंस, बाई?”

तेवढ्यात फोलारिन पुन्हा हजर. इबादानला शाळेत शिकवतो, चारचौघांत मान आहे. “मावशी, पाठीचं पोस्टर लावलं तर लोक हसतील. आईला तोंड नव्हतं का, असं विचारतील. मी काय सांगू?” इबिदुन्नीचा हात कपाटाच्या कडीवर गेला होता. “उद्या,” ती कशीबशी म्हणाली. “उद्या बघते.”

शुक्रवारी पाकीट पोलक्यात खोचून ती आवेरोच्या घरी गेली. आत, मातीआधी घालतात तशी, वेणीवाली शिजुवाडे आवेरोला शेवटची वेणी घालत होती. जन्मभर आवेरोचे केस तिनंच विंचरले होते.

“इबिदुन्नी, बघ गं, भांग नीट पडलाय का? आज मला काही दिसेना.”

“डावीकडे घे थोडा. तिथे भोवरा आहे तिला.”

मग इबिदुन्नी पुढून जाऊन बसली. अकरा वर्षांत आवेरोनं तिला असं समोर बसू दिलं नव्हतं. सतत मान वळवायची, नाहीतर पदर पुढे ओढायची. आज काहीच करत नव्हती. नको म्हणायला तोंड उरलं नाही, आणि मी हिला गावभर भिंतींवर चिकटवायला निघाले! इबिदुन्नीला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूच कोसळलं. पाकीट काढून तिनं आवेरोच्या डोक्याखालच्या कापडात सरकवलं.

“घे. तूच फाड.”

अंगणात फोलारिन वाटच पाहत होता. “सापडला?”

“नाही रे. चेहऱ्याचा फोटो नाही माझ्याकडे. अडतीसच्या अडतीस पाठमोरे.”

आता ते खरंच होतं. तो ताडताड बोलला, तिनं ऐकून घेतलं. शेवटी स्टुडिओत जाऊन भिंतीवरचा आवेरोच्या टाळूवर टोपलीसारख्या बांधलेल्या वेणीचा फोटो हिसकावून तो छापखान्यात गेला.

शनिवारी सकाळी इतोकूच्या भिंतीवर पोस्टर लागलं. घरच्या बायका, मातीच्या दिवशी नेसतात तशा, एकसारख्या कापडात उभ्या. इबिदुन्नी एका खांबाआड. कोण पहिला हसतोय?

एवढ्यात खेड्यावरून एक म्हातारी रंगारीण गाठोडं घेऊन आली. हात कोपरापर्यंत निळे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि बातमीही पोचली नव्हती. पोस्टर पाहून ती खिदळली, “अगं आवेरो! लबाडे, भिंतीवर चढलीस? आणि इथेही पाठ फिरवूनच! वळ की जरा इकडे!”

कुणी हसलं नाही. म्हातारीनं त्या बायकांकडे पाहिलं, त्यांच्या कापडाकडे पाहिलं. गाठोडं हातातून सुटलं. पुढे होऊन तिनं आपला निळा पंजा पोस्टरवरच्या मानेवर ठेवला, आणि तिथेच उभी राहून रडू लागली.

फोलारिन हळूच खांबाकडे आला.

“मावशी,” तो म्हणाला, “बाकीचे सदतीस मला दाखवशील?”