जॉर्जटाउनचं गेट

रोज संध्याकाळी साडेसहाला अभिमन मामा पाटाच्या गेटच्या चाकावर तळहात ठेवायचे आणि गयानाला फोन लावायचे. "जय भीम, बेटा. गेट लागनं का?"

तिथे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असत. त्यांची एकुलती एक वृषाली जॉर्जटाउनला डॉक्टरकी शिकत होती. भरतीला समुद्र त्या शहरापेक्षा उंच होतो. डच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून ती जमीन चिखलातून उपसून घेतली, बांध घालून घेतले, कालवे खणवले. मग इंग्रज आले आणि उसासाठी आपल्याकडची माणसं जहाजात भरून नेली. अजूनही भरती आली की कोणीतरी कालव्याच्या तोंडाचं दार खाली सोडतं, ओहोटीला उचलतं. वृषालीच्या खोलीसमोर असंच एक दार होतं.

चाळीसगावजवळच्या पाटावर तीस वर्षं पाटकरी असलेल्या मामांना त्या देशाबद्दल एवढंच कळलं. "मी पाणी यावं म्हणून गेट उघडतो," ते मला, त्यांच्या भाचीला, म्हणाले, "तिथला माणूस ते येऊ नये म्हणून लावतो. त्याचा डोळा लागला तर?"

मार्चच्या पाळीत, पाटाला पाणी सुटलेलं असताना, एका संध्याकाळी फोन लागेना. मामांनी चाक फिरवून वाहतं पाणी बंद केलं. पाटाखालचा शेतकरी तोताराम आपल्या केळीतून धावत आला.

"अभिमन नाना, समिंदर तठे शे, मनी केळी आठे शे! याड लागनं का तुमले?"

मामा चाक सोडेनात. त्यांना बाजूला सारताना तोतारामचा हात ओला झाला. त्याने बोट जिभेला लावलं, समुद्रासारखं खारट लागलं तसा थुंकला, आणि केळीत परत गेला.

दुसऱ्या दिवशी वृषालीचा फोन आला. कालव्याच्या दारावरचा म्हातारा खुर्चीतच गेला होता. पाणी तिच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं आणि सकाळी नऊ वाजता थांबलं. "दार उघडंच होतं, बाबा. नवा माणूस अजून आलेला नाही. शनिवारी अमावास्येची भरती आहे."

शनिवारी पाळी संपलेली होती, पाट कोरडा. मी चहा घेऊन गेले तेव्हा मामा गेटला टेकून बसले होते, श्वास थांबलेला. गेट पूर्ण लावलेलं. बोटं चाकावरून सोडवायला दोन माणसं लागली. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं.

वृषालीच्या पायऱ्या त्या दिवशी कोरड्या राहिल्या. साडेसहाला मामांनी फोन केला होता, पण गेटचं काही विचारलंच नाही, असं ती सांगते. एवढंच म्हणाले, "चपला वर ठेव, माय. वल्या व्हई जातीन."