मेंढ्यांनी तुडवलेली वाट

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. नास्तिक मी कधीच नव्हतो. सकाळी मिठागरावर जाताना वेशीवरच्या देवळाकडे हात जोडल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडायचं नाही. पण माझा धाकटा भाऊ नामा धरमतरच्या खाडीत मचव्यासकट गेला, त्यानंतरची तीन वर्षं मी हात जोडत होतो ते केवळ सवयीने. मनात मी देवाशी अबोलाच धरला होता. नामा चोवीस वर्षांचा होता. मचव्यावरचे दोघे पोहत किनाऱ्याला लागले, याचा मात्र देहसुद्धा मिळाला नाही. भटजींनी दर्भाचा पुतळा करून सगळं यथासांग केलं, पण आईच्या मनाला ते काही पटलं नाही. गवताच्या काडीला अग्नी दिला म्हणून माझा पोर सुटला असं मी कशी समजू, एवढंच ती विचारायची.

तिला कोणीतरी सांगितलं की बद्रीनारायणाच्या देवळापाशी ब्रह्मकपाळ म्हणून शिळा आहे, तिथे पिंड ठेवला की कसाही गेलेला जीव मोकळा होतो. तेव्हापासून तिने तोच ध्यास घेतला. मी टाळत राहिलो. कधी पावसाचं निमित्त, कधी भातकापणीचं, कधी मिठाच्या हंगामाचं. खरं कारण वेगळं होतं आणि ते मी कोणालाच, बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आम्हा आगरी लोकांचं पोट आभाळावर अवलंबून. वाफ्यात मीठ धरलेलं असताना अवकाळी सर आली की महिन्याची मेहनत पाण्यात जाते. म्हणून मिठागरावर ज्याला आभाळ वाचता येतं त्याला मान असतो, आणि आमच्या चार गावांत तो मान माझा होता. लोक पहाटे येऊन मला विचारायचे, आज मीठ ओढायचं की राहू द्यायचं. मी वाऱ्याचा वास घ्यायचो, दक्षिणेकडे बघायचो आणि सांगायचो. बहुतेक वेळा ते खरं व्हायचं, आणि त्याचा मला ताठाही होता, खोटं कशाला बोलू. मृगाच्या तोंडावर हंगामातला शेवटचा मचवा भरत होतो, तेव्हा नामाने मला विचारलं होतं, ‘दादा, वारा कसा हाय?’ मी पोत्यातून मान वर न काढताच म्हटलं, दोन दिवस काही होत नाही, जा. दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ उठली. त्याने विचारलं तेव्हा मी आभाळाकडे पाहिलंच नव्हतं, हे फक्त मला ठाऊक होतं.

शेवटी आईने जेवण सोडलं तेव्हा मी निघालो. भात कापून, झोडून घरात घेतलं आणि दिवाळीच्या तोंडावर दोघांनी गाडी धरली. हरद्वारला पोहोचलो तेव्हा यात्रा जवळजवळ उठलेली. वरून उतरणारेच दिसत होते, चढणारे आम्ही दोघंच. मोटार जिथे संपली तिथून पायी चाललो. आईचं वय साठीच्या पुढचं, पण डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहून तिची चाल अशी तयार झालेली की दम मलाच लागायचा. हरद्वारला तिला मी कॅनव्हासचे बूट घेऊन दिले. जन्मात तिने पायात काही घातलं नव्हतं. पहिले दोन दिवस ती बुटांना सतत नावं ठेवायची, नंतर मुकाट्याने घालायला लागली. कमरेला तिची एक पुरचुंडी होती. नामाने शेवटची रास घातली होती त्यातलं ते ओंजळभर मीठ, पिंडाशेजारी ठेवायला घेतलेलं.

देवळाच्या अलीकडच्या शेवटच्या चट्टीवर, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागी, आम्ही रात्र काढली. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने सांगितलं की तीन दिवसांनी देवळाचे दरवाजे बंद होणार, मग थेट वैशाखात उघडणार. सकाळी मी बाहेर आलो तर आभाळ राखेच्या रंगाचं, पण वारा अजिबात नाही आणि थंडीही आदल्या दिवसापेक्षा कमी. दुकानदार म्हणाला, आज थांबा, मला हे बरं दिसत नाही. मी नाकाने हवा ओढून पाहिली. पावसाचा वास नाही, ढगात काळेपणा नाही, दक्षिणेचा वारा नाही. मी आईला छाती ठोकून सांगितलं की आज पाऊस पडणार नाही. माझा अंदाज अगदी खरा ठरला. पाऊस पडला नाहीच.

पाऊस येतो तेव्हा आमच्याकडे आधी आवाज येतो, माडाच्या झावळ्या सांगतात, कौलं सांगतात. हे असं गुपचूप येईल याची मला कल्पनाच नव्हती. पांढरा भुगा पडायला लागला आणि मी तोंड वर करून खुळ्यासारखा बघत राहिलो. आईने हात पुढे केला, तळव्यावर जमलं ते जिभेला लावलं. मिठागरावरच्या माणसाला पांढरं काही दिसलं की तो आधी चाखूनच बघतो. ‘आळणी हाय,’ ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. मलाही हसू आलं. तासाभरात मात्र हसू कुठल्या कुठे गेलं. वाट दिसेना. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली नदी, आणि मधला काठ कुठे संपतो तेच कळेना. मी काठीने चाचपत पुढे होतो, आई मागे. बऱ्याच वेळाने मागे वळून पाहिलं तर तिच्या पावलांच्या ठशांत पाचही बोटं उमटलेली. ती अनवाणी चालत होती.

आमच्यात मिठावर कोणी वहाण घालून चालत नाही. मीठ म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर पाय द्यावाच लागतो, तर तो निदान उघडा असावा. हे कोणी शिकवत नाही, लहानपणापासून अंगात मुरतं. जमीन पांढरी झाल्यावर आईचे हात आपोआप बुटांकडे गेले होते आणि बूट तिने मागे एका दगडावर नीट जोडून ठेवले होते. मी ओरडलो, तर ती शांतपणे म्हणाली की देवाच्या दारात एवढं पांढरं पसरलंय, त्याच्यावर बूट घालून कसं जायचं. मी तिचे पाय हातात घेतले. मिठाने चिरलेले, कातड्यासारखे झालेले ते पाय करड्या रंगाचे दिसत होते, आणि मी बोटं दाबली तरी तिला काहीच कळत नव्हतं. मागे परतून बूट शोधायचे तर आमचेच ठसे बुजत चाललेले. कड्याला एक कपार होती, तिच्याखाली तिला बसवलं, माझं धोतर फाडून पायांना गुंडाळलं. ते ओलंच होतं.

तिथे बसून मला कळून चुकलं की मी दुसऱ्यांदा तेच केलं. आभाळ मला कळतं म्हणून एकाला घालवलं, आता दुसरीला घालवणार. त्या क्षणी देवावरचा राग कुठे गेला कोण जाणे, फक्त भीती उरली. मी आईला सगळं सांगून टाकलं. नामाने मला विचारलं होतं आणि मी वर न बघताच उत्तर दिलं होतं, हे तीन वर्षं घशात अडकलेलं एका दमात बाहेर आलं. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. द्यायला हव्या होत्या. 

‘मना ठाव हाय, बाला,’ ती म्हणाली. ‘सकाली तो मना बोलला व्हता. जावासा वाटत न्हाय आये, अंग मोडून आलंय, बोलला. मीच त्याच्या अंगावरची गोधडी वढली. बोलले, दादानं सांगितलंय काय व्हत न्हाय, ऊठ.’

म्हणजे आम्ही दोघं तीन वर्षं एकाच घरात, एकाच चुलीपाशी, एकच ओझं आपापल्या डोक्यावर घेऊन वावरत होतो आणि एकमेकांना दिसू देत नव्हतो. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडलो. आणि रडता रडता देवाला म्हणालो, मला काही कळत नाही बाबा. आभाळही कळत नाही. आता तुला काय करायचं ते कर. अशी प्रार्थना मी त्याआधी कधी केली नव्हती, मी नेहमी त्याला काय करायचं ते सांगतच आलो होतो.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. आधी घुंगरं ऐकू आली. मग पांढऱ्यातून मेंढ्या निघाल्या, एकामागून एक, शंभर तरी असतील, आणि प्रत्येकीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लहान लहान थैल्या. त्यांच्या मागे जाड लोकरीचा कोट घातलेला, चपट्या नाकाचा, उन्हाने रापलेला एक माणूस. त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं, आईच्या पायांकडे पाहिलं, आणि काहीही न विचारता तिच्यासमोर बसला. माझ्या फाडलेल्या धोतराच्या चिंध्या काढून टाकल्या, आपला कोट उघडला आणि तिची दोन्ही पावलं उघड्या पोटाशी घेऊन वरून कोट मिटला. आई संकोचाने आक्रसली, परक्या पुरुषाला पाय लावायचे म्हणजे काय. तो तसाच बसून राहिला. मी काटक्या पेटवून पाय शेकायचं सुचवलं, तर त्याने मोडक्या हिंदीत दटावलं की आगीने कातडी सुटेल, गप्प बस.

आईला वेदना सुरू झाल्या तेव्हा तो हसला आणि मला म्हणाला, आता रडते आहे, म्हणजे पाय वाचले. मग त्याने चहा उकळला, त्यात लोणी घातलं आणि थैलीत हात घालून चिमूटभर काहीतरी टाकलं. मी घोट घेतला आणि चमकलो. खारट होता. मेंढ्यांच्या पाठीवर सगळं मीठच होतं. खिंडीपलीकडच्या तळ्यांचं मीठ उन्हाळ्यात आणायचं आणि हिवाळा लागला की खाली गावोगाव धान्याच्या बदल्यात द्यायचं, हा त्याचा पिढीजात धंदा. आईने ते तांबूस खडे बोटांनी चोळून पाहिले, चाखले, आणि मान हलवली. मग कमरेची पुरचुंडी सोडून तिने त्यातलं अर्धं मीठ त्याच्या तळव्यावर ओतलं.

‘ह्ये माझ्या पोराचं मीठ हाय,’ ती म्हणाली.

त्याला आमची भाषा कळत नव्हती. त्याने एक खडा तोंडात टाकला, थोडा वेळ डोळे मिटले आणि उरलेलं कपाळाला लावून टोपीच्या घडीत बांधून ठेवलं. ‘बहुत साफ है, माई,’ एवढंच तो बोलला.

रात्रभर त्याने आम्हाला मेंढ्यांच्या मधोमध निजवलं. सकाळी आभाळ निळंशार होतं. त्याने आईच्या पायांना लोकर बांधून दिली, वरच्या अंगाला हात केला आणि म्हणाला, मी आलो तीच वाट, चुकू नका. खरंच चुकण्यासारखं काही नव्हतं. चारशे खुरांनी तुडवलेला एक पट्टा चढणीवर स्पष्ट गेलेला, काही ठिकाणी रात्री पडलेल्या बर्फाने भरलेला, पण त्याच्यावरही वाऱ्याने उघड्या पडलेल्या काळ्या लेंड्या. देवाच्या दारी मी लेंड्या मोजत गेलो, असं मी घरी सांगतो तेव्हा मुलं हसतात. हसू देत. त्याहून चांगली खूण मला आजवर कोणी दाखवलेली नाही.

दुपारी पोहोचलो. दरवाजे दुसऱ्या दिवशी बंद व्हायचे होते. कुडकुडणाऱ्या पंड्याने घाईघाईने मंत्र म्हटले, मी नामाचा पिंड ठेवला आणि आईने शेजारी उरलेलं मीठ ठेवलं. तिने पिंडाला हात जोडून सांगितलं की आम्ही दोघांनी तुला पाठवलं, आम्हा दोघांना माफ कर. मी तिच्या शेजारी उभा होतो. तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्याचं नाव एकत्र घेतलं. पुढे आईच्या पायाची दोन नखं गळाली, पण पाय वाचले.

तो माणूस कोण, असं मला पुष्कळांनी विचारलं. एकजण तर म्हणाला, साक्षात नारायण आला होता. मी वाद घालत नाही. मला तो मीठवाला दिसला. तो एक दिवस आधी निघता तर आम्ही कपारीतच राहिलो असतो, आणि त्याला त्याच दिवशी कोणी निघायला लावलं हे मला माहीत नाही. माहीत नसलेलं तसंच ठेवायला मी तिथे शिकलो. आजही पोरं पहाटे विचारायला येतात. मी आधी वर बघतो, नीट बघतो, कळतं तेवढं सांगतो, आणि यापुढचं माझ्या हातात नाही हेही सांगतो.

पुढे काही वर्षांनी त्या खिंडीवरची सरहद्द बंद झाली. मीठ न्यायला येणारा व्यापारी एकदा बोलता बोलता म्हणाला की पलीकडचं मीठ आता येत नाही, आपलं समुद्राचं मीठच रेल्वेने उत्तरेला जाऊन त्या डोंगरांत चढतं. मी हे आईला सांगितलं. ती तेव्हा अंथरुणाला खिळली होती. ‘मग नीट भर,’ ती म्हणाली. ‘त्याच्या घरी जायचं हाय.’ आईला जाऊन आता दोन वर्षं झाली. तो माणूस आहे की नाही, आमचं मीठ त्याच्या गावापर्यंत पोहोचतं की नाही, कोण सांगणार. पण उत्तरेला जाणारी पोती मी दुसऱ्या कोणाला भरू देत नाही. मातकट खडे वेचून बाजूला काढतो, आणि पोतं शिवण्याआधी एक चिमूट जिभेवर ठेवून पाहतो.