सुतळीने मोजलेले चाक

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला आधी सुतळीचा एक तुकडा आठवतो. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. उदगीरकडच्या आमच्या ठाण्यात धड बाकही आले नव्हते. पेटीवर बसून जबाब घ्यायचो. मी बिलोलीकडचा, घरातला पहिला पदवीधर, अंगावरची वर्दी नवी. त्यात दुष्काळ.

टँकरची वाट बघत रस्त्याकडेला थांबलेल्या बायकांत एक मोटार घुसली. एका बाईचा पाय मोडला. ड्रायव्हर पळाला नाही. त्याच मोटारीतून त्याने तिला दवाखान्यात नेले. मोटारमालक देगलूरचे वजनदार व्यापारी. ते दवाखान्यातून मोटार घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आपणहून ठाण्यात आणून लावली. चारही टायर चांगले.

"पिऊन चालवत व्हता साहेब. किती डाव समजावलं त्याला!" मालक म्हणाले.

डॉक्टरांना दारूचा वास आला नव्हता. तरी निष्काळजीपणाचा गुन्हा उरत होताच. शिक्षा झाली असती तर लायसन्स गेले असते, आणि त्याचे घर त्यावरच चालत होते.

"ब्रेक दाबला की डावीकडं ओढतीय गाडी," ड्रायव्हर सांगत होता. "फुडचा उजवा टायर नवा, डावा पार गुळगुळीत. मालकाला लई डाव म्हणलो."

"डावाही नवाच दिसतो की रे."

"आता दिसायलाय, साहेब!"

मी दवाखान्यात गेलो. बाई कण्हत होती, पण बोलायला खमकी.

"पेलेला न्हवता त्यो. मला उचलताना माझ्याहून जास्त त्योच रडला. अन् गाडी येतानाच फटफट वाजत व्हती, फाटक्या चपलीवानी."

फाटकी चप्पल म्हणजे चाकाचे सुटलेले रबर. मी थेट जागेवर गेलो. हवालदारांनी अपघाताच्या दिवशीच चाकांच्या खुणांभोवती बाभळीच्या काट्या लावून ठेवल्या होत्या. पाऊस नसल्याने धुळीतले काही मोडले नव्हते. उजवी खूण नक्षीची, डावी सपाट. सपाट खुणेत ठरावीक अंतरावर फाटक्या रबराचा छाप उमटला होता. दोन छापांमधले अंतर, म्हणजे चाकाचा एक पूर्ण फेरा, सुतळीने मोजून गाठी मारल्या आणि पंचांसमोर सुतळी ताब्यात घेतली.

आता टायर हवा होता. मालकांचे शेत रस्त्यालगतच होते. तिथे त्यांनी गावच्या जनावरांसाठी पाण्याची सोय केली होती. एक देवणी वासरू एका बाजूने गोल कापून आडव्या ठेवलेल्या, मोटारीच्या टायरात तोंड घालून पाणी पीत होते.

"साहेब," हवालदार हळूच म्हणाले, "मालकाचं पुण्य जरा उलटं करून बघावं का?"

पाणी संपेपर्यंत वासराला पिऊ दिले. मग टायर काढला. एका जागी रबर लोंबत होते. भोवती सुतळी फिरवली. गाठीला गाठ भिडली.

"गेल्या सालचा हाय तो," बोलावून घेतलेले मालक म्हणाले.

"मग त्याचा छाप परवाच्या धुळीत कसा?"

टायर रातोरात बदलल्याचे मालकांनी कबूल केले. पुढची दोन चाकं अशी असमान असली की ब्रेक लागताच गाडी एका अंगाला जाते, असा मोटार वाहन निरीक्षकांनी अहवाल दिला. आरोपी म्हणून मालक उभे राहिले आणि ड्रायव्हर साक्षीदार झाला. माझ्या आईवडिलांना सही येत नव्हती; मी लिहिलेला तो पंचनामा कोर्टात मोठ्याने वाचला गेला, तेव्हा माझी छाती भरून आली.

स्टीअरिंगवर हात असणाऱ्याला धरणे सोपे असते. त्या हाताला कसली गाडी दिली होती, हे विचारायला मी या प्रकरणात शिकलो.

त्या दिवशी शेतावरून टायर मुद्देमालात जमा करून निघालो, तेव्हा हवालदार अडून राहिले. "अन् वासरांचं काय, साहेब?" आम्ही ठाण्याचे घमेले तिथे ठेवले. ते परत मागायचे माझ्या मनात कधी आले नाही.