मालतीबाईंचा घरजावई

मालतीबाई गाडीत बसायला लागल्या की रस्त्यावरचे लोक थांबून बघत. आधी काठी मागच्या सीटवर टाकायची, मग स्टिअरिंगसमोर टेकायचे, आणि लहानपणीच्या तापात वाळून गेलेला डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत कोपऱ्यात ठेवायचा. ठेवताना म्हणायच्या, "बसा, घरजावई. तुम्हाला काम नाही." मग गाडी अशी सुटे की शेजारी बसलेला मी, म्हणजे त्यांचा कंपाउंडर, देवाचे नाव घेऊ लागे.

कोपरगावात त्यांचा दवाखाना होता. आसपासच्या वस्त्यांवर बाळंतीण अडली की बोलावणे यायचे आणि बाई निघायच्या. गाडी जुनी, अमेरिकन, मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याने वापरून कंटाळून विकलेली. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप बदलत, त्यामुळे डाव्या पायाला खरोखरच काम नव्हते. दुसरी कुठलीही गाडी बाईंना चालवता आली नसती. त्यांचे लग्न झाले नव्हते. "या पायामुळे मला कुणी विचारलं नाही. आता गाडी आहे, मी कुणाला विचारत नाही," असे त्या म्हणत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी गाडी अंग चोरू लागली. इंजिन ओरडायचे, पण गाडी जागची हलायला वेळ घ्यायची. मी तोंडाचा फटकळ. म्हणालो, "बाई, विका आता हिला." त्यावर त्यांनी माझ्याशी अबोलाच धरला.

एका दुपारी पाटाकडच्या वस्तीवरून सायकलवर माणूस आला. सून अडली होती. आम्ही निघालो आणि अर्ध्या वाटेत गाडीने पुढे जायचे सोडून दिले. कितीही दाबा, ढिम्म. बाईंनी सहज मागचा गिअर टाकला, तर गाडी मुकाट्याने मागे सरकली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग शेजारच्या पडीक वावरात गाडी उलटीच गोल फिरवली, तिची पाठ वस्तीकडे केली आणि मान वळवून उलट्या निघाल्या. मी सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून ओरडत होतो, "उजवीकडे, बाई, पाट आला." पोरे हसत मागे धावत होती. आम्ही पोचलो. पोर पायाळू होते, तरी दोघी सुखरूप सुटल्या. म्हातारी सासू म्हणाली, "डाक्टरीणबाई उलट्या आल्या, नात बी उलटीच आली. पर आली न्हवं, मग झालं." घरी येताना मात्र मागचा गिअरही बसला आणि गाडीला बैल जुंपावे लागले.

ट्रकला बांधून गाडी नगरला नेली. तिथले रज्जाकमिस्त्री फौजेच्या वर्कशॉपात काम केलेले, मोजके बोलणारे. त्यांनी गिअरच्या तेलाची सळई ओढली, वास घेतला आणि तीच सळई बाईंच्या नाकाशी धरली.

"जळलंय," बाई म्हणाल्या.

"व्हय. आतल्या चकत्या घासून गेल्या."

खालचे झाकण काढले तर तळाशी काळी भुकटी बसलेली. असले सामान आपल्याकडे मिळतच नसे. मुंबईच्या भंगारबाजारातून मिस्त्रींनी तसलाच एक गिअरबॉक्स मिळवला, तर तोही आतून जळालेला निघाला. तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "हाताच्या गिअरचा बसवतो, बाई. गाडी लई पळंल. पन त्याला क्लच आला, आन्..."

"आणि घरजावयाला कामाला लावावं लागेल," बाईंनी वाक्य पुरे केले. "नको. दुसरा शोधा."

मिस्त्री शोधत राहिले. गाडी नगरलाच पडून होती आणि बाई दवाखान्यात अडकल्या होत्या. त्याच दिवसांत पाटाकडचीच एक अडलेली पोरगी बैलगाडीतून आणली. दारात गाडी थांबली तेव्हा तिच्यात काही उरले नव्हते. तिच्या आईने कुणाला बोल लावला नाही. "तुमी आला असता तर..." एवढेच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

बाई बराच वेळ हात धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "विष्णू, उद्या नगरला जा. मिस्त्रींना सांग, हाताचा बसवा. आणि तू गाडी शिकून ये."

"आणि तुम्ही?"

"मी मागं बसेन. गाडी कोण चालवतं, याच्याशी पोटातल्या पोराला काय करायचंय?"

गाडी घेऊन आलो त्या दिवशी त्यांनी काठी पुढच्या सीटवर टाकली. मागे बसून डावा पाय उचलून ठेवला, मग उजव्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीही बसा. आजपासून दोघंही घरजावई." त्या हसल्या. मला हसू आले नाही.

पुढे कैक वस्त्यांवर आम्ही वेळेत पोचलो. पण वळण आले, आडवे जनावर आले, की मागून चपलेचा टप्प असा आवाज येई. बाईंचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत असे. मी कधी मागे वळून पाहिले नाही.

शेवटी बाईंच्या पोटात गाठ निघाली. नगरच्या इस्पितळातून त्या परत आल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर मला ते सांगवणार नाही. निघायच्या सकाळी मी त्यांना धरून मागच्या सीटवर बसवले. त्यांच्या हातांत जोर नव्हता, म्हणून डावा पाय मीच उचलून आत ठेवला. सवयीने तोंडातून गेले, "बसा, घरजावई."

बाईंचे डोळे मिटलेले होते. "आज उजवाही तूच उचल रे," त्या म्हणाल्या.

मी तो उचलला आणि डाव्याशेजारी ठेवला. नगरपर्यंत वळणे पुष्कळ आली. मागून चपलेचा आवाज एकदाही आला नाही.