गजगेवाल्या तात्यांनी मागितलेली तपासणी

बहात्तरच्या दुष्काळात, तलावाच्या कामावर हिवतापाची साथ असताना, गजगेवाल्या तात्यांनी सरकारी दवाखान्यात जाऊन आपल्याच औषधाची तपासणी करा, अशी मागणी केली. तोपर्यंत त्या औषधाबद्दल गावात कुणाचीही तक्रार नव्हती.

आमचे गाव गेवराई तालुक्यातले. मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे आणि तात्यांचे घर आमच्या घराला लागून होते. गजगा म्हणजे मुली खेळतात तो सागरगोटा. तात्या बी भाजून फोडत, आतला कडू गर मिऱ्यांबरोबर कुटत आणि गुळात गोळ्या वळत. ही रीत त्यांच्या आजोबांपासूनची. गोळी ते कुणाला घरी नेऊ देत नसत. समोर बसवून खायला लावत आणि नंतर जीभ बाहेर काढायला सांगत. म्हणत, "कडू लागलं की मान्सं पदरात बांधत्यात आन् औषध खोटं म्हनत्यात."

पैसे ते घेत नसत. ताप उतरला की रोग्याने मारुतीपुढे नारळ फोडायचा आणि त्यातली एक कवड, म्हणजे अर्धी वाटी, तात्यांच्या उंबऱ्यावर ठेवायची, असा रिवाज होता. कवड आली की माणूस बरा झाला, असे तात्या धरत. दिवाळीनंतर निम्मे गाव ऊस तोडायला नगरकडच्या सहकारी साखर कारखान्यांवर जाई आणि उन्हाळ्यात परत येई. कवडी ठेवून गेलेली माणसे चालती-बोलती परत येत. तात्यांना आणखी पुरावा लागत नव्हता.

त्या वर्षी कारखान्यांना ऊस नव्हता. ऊसतोडीच्या टोळ्यांना बोलावणे आले नाही, गाव गावातच राहिले आणि तलावाच्या कामावर खडी फोडू लागले. मातीसाठी खणलेल्या खड्ड्यांत झऱ्याचे पाणी साचले, डास झाले, तापाची माणसे तात्यांकडे येऊ लागली. त्यांत कोंडाबाई होती. तिने औषध घेतले, ताप उतरला, कवड ठेवली. काही आठवड्यांनी ती पुन्हा कुडकुडत दारात उभी राहिली.

"कवड ठिवलीस न्हवं?" तात्यांनी विचारले.

"ठिवलीती की. पन ताप फिरून आला."

"असं आधी कदी झालं न्हाई."

"दर साली हुतंय, तात्या. उसाच्या फडावर गेलं की फिरून येतो. थितला कंपौंडर गोळ्या देतो, मग जातो."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"आता कवड ठिवल्यावर काय सांगावं? बरं दिसतं का ते?"

तात्यांनी त्या दिवशी औषध कुटले नाही. ज्यांच्या ज्यांच्या कवडी आठवत होत्या, त्यांच्या घरी जाऊन त्यांनी फडावर काय झाले ते विचारले. बहुतेकांनी कोंडाबाईसारखेच सांगितले. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले.

डॉक्टर तरुण होते. ते आधी तयार नव्हते. शेवटी त्यांनी अटी घातल्या: लेकरे आणि गरोदर बाया नकोत, माणूस धडधाकट हवा, तब्येत बिघडली तर त्याच दिवशी दवाखान्याच्या गोळ्या. तात्यांनी सगळ्या मान्य केल्या आणि स्वतःची एक घातली, "रगत माझ्यासमोर घ्यायचं." औषधाच्या आधी तयार झालेल्या रोग्यांचे बोट टोचून काचेवर रक्त घेतले गेले. मग तात्यांनी आपल्या हाताने गोळ्या खाऊ घातल्या, जिभा बघितल्या. आठवड्याने पुन्हा रक्त घेतले. कोंडाबाईने दोन्ही वेळा बोट पुढे केले.

कित्येकांचा ताप कमी झाला होता. पण जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात हिवतापाचे जंतू तसेच होते. सांगताना डॉक्टर अडखळू लागले, तेव्हा तात्या म्हणाले, "सायब, गूळ नका लावू. मला दावा." त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दुसरी काचही मागून घेतली. मग विचारले, "तुमच्या गोळ्या आज हाईत का?" होत्या. त्याच दुपारी सगळ्यांना दिल्या गेल्या.

संध्याकाळी तात्यांनी चावडीपुढे ही गोष्ट स्वतः सांगितली. गजग्याने अंगातला ताप दबतो, रक्तातला जात नाही. हिवतापाला इथून पुढे माझ्याकडे येऊ नका, असे ते म्हणाले. मागून बापू हमाल ओरडला, "तात्या, तीन पिढ्यांचं नाव एका काचंनं बुडिवलं की वो!"

"बुडू दे बे," तात्या म्हणाले. "उद्या तुजी बायकू तापली तर तिला काय सांगू? पिढ्या मोज म्हनू?"

लोक हसले. बापूही हसला. डॉक्टर पुढे प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला तात्यांच्या घरी नेऊन ओळख करून देत: "यांनी स्वतः तपासणी मागितली होती." आमच्या गावचा माणूस बीडला गेला, तरी आपण तात्यांच्या गावचे, असे आवर्जून सांगे.

दुष्काळ हटल्यावर टोळ्यांना पुन्हा बोलावणे आले. निघण्याच्या आदल्या दिवशी तात्या घरोघरी गेले आणि अंग तापलेल्या प्रत्येकाला घेऊन दवाखान्यात रांगेत उभे राहिले. कोंडाबाईला ताप नव्हता. तरीही त्यांनी तिचे रक्त तपासून घेतले. काचेवर जंतू सापडले नाहीत. ती टोळीबरोबर फडावर गेली आणि उन्हाळ्यात परत आली. त्या हंगामात तिला ताप आला नाही.