भेगेवरचा कागद

मी जात्याच भित्री. पाल, वीज, उधळलेला बैल, शाळेच्या मुख्याध्यापिका, कशालाही भिते. पण या सगळ्या भीती वरवरच्या. एक मात्र हाडात मुरलेली आहे, ती छपराची. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की माझी नजर आधी वर जाते. लोकांना वाटतं, बाई आमची जळमटं मोजतायत. मी तुळया बघत असते.

मी आठ वर्षांची असताना वेळापूरजवळच्या आमच्या गावात तीन दिवस झड लागली होती. घर माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा हातभर थर, असं सपाट छप्पर. दुसऱ्या दिवशी जेवताना थोरल्या बहिणीच्या ताटात वरून चिमूटभर माती पडली. वडिलांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "उंदीर असतील." आम्ही जेवलो. पहाटे भिंत खचली आणि माळवद बहिणीच्या अंगावर आलं. मी रोज तिच्याच कुशीत झोपायची. अंगात ताप होता म्हणून त्या रात्री आईजवळ होते. ते दोन शब्द मी वडिलांना कितीतरी वर्षं माफ केले नाहीत. ते अंथरुणाला खिळले, तेव्हाही त्यांचे पाय चेपताना माझ्या मनात तेच दोन शब्द असायचे.

म्हणून सोलापुरात घर विकत घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा मी एकच अट घातली. घर आधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचं, किंमतही त्यानंच करायची, आणि मगच शब्द द्यायचा. माझा नवरा गिरणीत कारकून, मंगळवेढ्याकडचा, हसरा माणूस. तो पोट धरून हसला. "म्हशीचे दात बघतात हे ठाऊक होतं. भिंतीची नाडी बघणारी तू पहिलीच!" मी हसले नाही. आमची मुलगी सव्वा वर्षाची होती, आणि ती कुठल्या छपराखाली झोपणार हा माझ्या दृष्टीनं हसण्याचा विषय नव्हता. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. माझं तर तोंडच नव्हे, सगळं घर पोळलं होतं.

घर शुक्रवार पेठेतल्या एका बोळात होतं. बाहेर सोपा, मध्ये स्वयंपाकघर, मागे एक अंधारी खोली, एवढंच. पण आम्ही तिघं पत्र्याच्या एका खोलीत उकडून निघत होतो, त्यामानानं तो राजवाडाच. नवऱ्यानं तर सोप्यात कोनाडा पाहून आपला रेडिओ मनातल्या मनात तिथं ठेवूनही टाकला होता. मालकीण एक म्हातारी होती, कपाळाला भस्माची बोटं, गळ्यात चांदीचं लिंग. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, एकुलती एक लेक अक्कलकोटला दिलेली. घर विकून तिला लेकीकडे जायचं होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस दारात आला की त्याचा आवाज येईपर्यंत ती नुसती हसत उभी राहायची.

बाहत्तर साली पावसानं दगा दिला, त्याच्या पुढच्या वर्षातली ही गोष्ट. मृग लागून गेला तरी आभाळ कोरडंच होतं आणि बोळाच्या तोंडाशी टँकरसाठी घागरींची रांग लागलेली असायची.

नवऱ्यानं बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर शोधून आणले. काटकुळे, हातात छत्री, खिशात भिंतीचा तोल बघायचा ओळंबा. आले ते कुणाशी न बोलता कामाला लागले. छत्रीच्या टोकानं तुळयांची टोकं टोचली, वाळवी लागली का पाहायला. रुपयाचं नाणं भिंतींवर वाजवत गेले आणि कान लावून आवाज ऐकत राहिले. मग शिडीनं माळवदावर चढले आणि वरून ओरडले, "एक घागर पाणी द्या! ओतून बघतो, कुठं मुरतंय ते कळेल."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्या दिवसांत कुणाकडे घागरभर पाणी ओतायला मागणं म्हणजे ताटातली भाकरी मागण्यासारखंच. म्हातारी मात्र लगेच उठली. "हाय की. सकाळीच भरलीय. घ्या." दोन दिवसांचं तिचं पाणी असणार ते. आम्ही ते छपरावर ओतलं आणि ते पन्हळातून बोळात पडून मातीत जिरलं. खाली थेंब गळला नाही. माळवद पास झालं. नवऱ्यानं माझ्याकडे 'बघ' अशा नजरेनं पाहिलं.

मग ते मागच्या खोलीत गेले आणि तिथं बराच वेळ त्यांचं नाणं वाजेना. मी आत गेले. मागच्या भिंतीवर, म्हातारीच्या खाटेच्या वर, तुळईपासून तिरकी उतरत आलेली एक भेग होती. 

"जुनी आहे की नवी, ते आज सांगता यायचं नाही," ते म्हणाले. "खाली काळी माती आहे. पाणी नाही म्हणून आकसलीय. भेग जुनी असेल तर बुजवली की झालं. चालू असेल तर भिंत चाललीय म्हणायची." त्यांनी म्हातारीकडे खळ मागितली. तिनं चुलीवर ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून वाटीतून आणून दिली. "चांगली चिकट केलीय बगा," असंही म्हणाली. ओव्हरसियरांनी पातळ कागदाची पट्टी भेगेवर आडवी चिकटवली, त्यावर बरोबर भेगेच्या रेषेवर सही केली आणि तारीख घातली. "आठ दिवसांनी येतो. कागद शाबूत असला तर घर बिनघोर घ्या. फाटला तर बघू."

बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, तुमची शाळा इथून जवळ आहे ना? रोज नजर टाकत जा. पण मालकिणीला काही बोलू नका. फाटला असं कळलं की लोक रातोरात नवा कागद चिकटवतात, चुना फासतात. माझी सहीसुद्धा गिरवलेली पाहिलीय मी."

ते वाक्य मी गाठीला बांधलं. फारच घट्ट बांधलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी तिच्याकडे जाऊ लागले. आवाज ऐकला की ती कानडीत बोलवायची, "बा अव्वा, बा!" मग मराठीवर यायची. "बसा की बाई. च्या टाकते." मी म्हणायची, "आजी, पाणी आधीच कमी, चहा कशाला?" तरी ती टाकायचीच. आणि चहा होईपर्यंत मी मागच्या खोलीत जाऊन कागद बघून यायची. दोन दिवस कागद शाबूत होता.

तिसऱ्या दिवशी तो फाटला होता.

केसाएवढीच चीर होती, सहीच्या मधोमध. मी पदरानं घाम पुसला आणि पुन्हा पाहिलं. बोट लावायचा धीर झाला नाही. बाहेरून तिचा आवाज आला, "हाय का नीट?"  मी म्हटलं, "आहे."

का म्हटलं? याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे चांगलं तीन-पदरी होतं. एक तर ओव्हरसियरांनी बजावलं होतं. दुसरं, हिला कळलं तर ही नवा कागद लावील, भेग लिंपून टाकील, आणि माझी पोर त्या भिंतीखाली झोपेल. तिसरं, माझ्या नवऱ्याचा जीव त्या कोनाड्यात अडकला होता, मी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "तुझ्या पदरानंच फाटला असेल." फाटलेला कागद ओव्हरसियरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवा होता. म्हणून मी त्या फाटक्या कागदाची राखण करू लागले. लोक सोन्याची करतात तशी. ज्या बाईला आपला हातसुद्धा धड दिसत नव्हता, ती रातोरात सही गिरवील अशी मला धास्ती होती!

चौथ्या दिवशी मी चहा घेत बसले होते आणि ती खाटेवर बसून त्याच भिंतीला पाठ टेकून बोलत होती. लेकीच्या सासरचं, नातवांचं, डोळ्यांच्या ऑपरेशनचं. तिच्या डोक्यावर वीतभर अंतरावर ती चीर होती.  न राहवून मी म्हटलं, "आजी, खाट बाहेर सोप्यात घ्या ना. वारा लागेल."

"न्हाय बाई. ही भित लई गार असती. तीस वर्सं पाठ टेकतीया तिला."

झालं. मी पुन्हा काही बोलले नाही. घरी जाताना मनाशी म्हटलं, आपण सांगून पाहिलं, ती ऐकत नाही तर आपण काय करणार. मनाची समजूत घालण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास पाऊस झाला. सगळं सोलापूर रस्त्यावर येऊन भिजलं, नवरासुद्धा मुलीला खांद्यावर घेऊन नाचला. मी दारातून बाहेर पाऊल टाकलं नाही. त्याला वाटलं, मला गारठा बाधला. मी आडवी झाले, पण डोळा लागेना. आमच्याच पत्र्यावरचं पाणी टपटपत होतं आणि मला बहिणीचं ताट दिसत होतं. उठावं, जावं, तिला हाताला धरून बाहेर काढावं, असं शंभरदा वाटलं. मग वाटायचं, आणखी तीनच दिवस. हात दाखवून अवलक्षण कशाला?

सहाव्या दिवशी मी बोळाच्या तोंडाशी थांबले. आत शिरताना मी देवाला काय मागितलं ते आठवतं. "बा अव्वा" एवढं ऐकू येऊ दे. आलं. कागदाची चीर आता आगपेटीची काडी जाईल एवढी झाली होती. "हाय का नीट?" तिनं विचारलं. "आहे," मी म्हटलं. सातव्या दिवशीही तेच.

आठव्या दिवशी ओव्हरसियर आले. नवरा कामावरून परस्पर आला होता. मी सगळ्यांच्या मागे, दाराला धरून उभी. त्यांनी चष्मा पुसला, कागदाजवळ तोंड नेलं. मग विचारलं, "हा कधी फाटला?"

 म्हातारी खाटेवर बसल्या बसल्या वर मान करून म्हणाली, "फाटला व्हय? मला काय दिसतंय साहेब? ह्या बाई रोज येऊन बगत्यात की. त्यास्नी इचारा."

तिघंही माझ्याकडे वळले. नवऱ्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं.

"आत्ताच बघतेय," मी म्हटलं. "काल ठीक होता."

ओव्हरसियरांनी फाटलेल्या कडेवरून हलकेच बोट फिरवलं आणि बोट उजेडाकडे धरून पाहिलं. बोटाला धूळ लागली होती. काल-आज फाटलेल्या कागदाच्या कडेवर एवढी धूळ बसत नाही, हे त्यांना कळत नसणार असं नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बोट धोतराला पुसलं आणि वहीत लिहायला बसले. जागेचा आकडा लिहिला. तुळया जळणाच्या भावानं धरल्या. 'इमारत' या शब्दापुढे शून्य काढलं.

"आजी," ते म्हणाले, "आजपासून या खोलीत झोपायचं नाही. बसायचंसुद्धा नाही."

"म्हंजे पडनार व्हय ही?"

"चांगला पाऊस लागला की पडेल."

 मग हात मागे नेऊन तिनं भिंत चाचपली आणि हात पटकन काढून घेतला. नवऱ्यानं आणि ओव्हरसियरांनी खाट उचलली आणि बाहेर सोप्यात, रेडिओच्या त्या कोनाड्याखाली नेऊन ठेवली. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. तिच्या दंडात हाड आणि कातडी याशिवाय काही नव्हतं. खाटेवर बसल्यावर तिनं माझा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

"बरं झालं बाई, तुमी रोज येत व्हता," ती म्हणाली. "न्हाईतर मला आंदळीला कोन सांगनार व्हतं?"

चार दिवसांनी तिची लेक येऊन तिला घेऊन गेली. भिंत पुढे आषाढात पडली, रिकाम्या खोलीत. लोक मला म्हणाले, तुमच्या भित्रेपणानं म्हातारी वाचली. नवराही कौतुकानं चारचौघांत सांगायचा. मी त्याला कधी काही बोलले नाही.

वडिलांना मात्र त्यानंतर मी माफ केलं. त्यांना खरंच वाटलं होतं, उंदीर असतील. मला पाच दिवस ठाऊक होतं, आणि मी तिचा चहा पीत होते.